नोएमीच्या आडव्या रेघा

मंगळवार, २ जुलै

घंटी वाजली! मी स्वयंपाकघरात येर्बाच्या पाल्याच्या चहासाठी पाणी तापवत होतो. गॅस तसाच टाकून धावलो आणि खोलीच्या दारातच थबकलो. कॉम्प्युटरसमोर कोणी नव्हतं. असणार कोण!

शेअरचा भाव पडद्यावरच्या करड्या रेघेला लागला होता, म्हणून घंटी. ती माझ्या बायकोनं, नोएमीनंच लावून ठेवलेली. मे महिन्यात ती गेली, घंटी राहिली. पूर्वी वाजली की आतून तिचा आवाज यायचा — ‘बाल्दो, पाणी उतरव, मला वेळ लागेल!’ आज पाणी उकळून गेलं. उकळलेल्या पाण्यानं येर्बा कडू होते. तशीच प्यायलो.

मग तिच्या खुर्चीवर बसलो. पहिल्यांदाच. खुर्चीची उंची तिच्या मापाची, माझे गुडघे टेबलाला लागतात. खुर्ची तशीच राहू दिली.

पडद्यावर तीन आडव्या रेघा. खाली लाल, मधे करडी, वर हिरवी. भाव त्यांच्यामधून वरखाली जातो. करडीला लागला आणि पुन्हा वर फिरला. अगदी तिथूनच! नोएमीला हे एप्रिलमध्येच कसं कळलं होतं?

गुरुवार, ४ जुलै

नोएमीची बहीण इल्दा आली होती. कोट न काढता बसली, म्हणजे काहीतरी झालं असणार हे कळलं.

तिच्या घरमालकाची मुलं जागा विकतायत. म्हातारा होता तोवर भाडं वेळेवर मिळालं की झालं, असं होतं. मुलांना वाटणी हवी. आधी इल्दाला विचारलं एवढं तरी बरं. ऑगस्टअखेरपर्यंत घे, नाहीतर दुसऱ्याला देऊ. किंमत अर्थात डॉलरमध्ये.

ती त्या तळमजल्यावर शाळेच्या मुलांचे पांढरे झगे शिवते. खिडकीत मशीन. येणारीजाणारी आई खिडकीवर टकटक करते आणि बाही लांब करून घेते. दुसऱ्या पेठेत कोण येणार तिच्याकडे?

‘नोएमीकडे दिलेले आहेत ना आपले पैसे,’ म्हणाली. मग सावरून, ‘म्हणजे दिलेले होते.’

दोघी बहिणींचं एकच खातं. दोघींची बचत एका बँकेच्या शेअरमध्ये, न्यूयॉर्कच्या बाजारात. विकायचा फोन करायचा तर आता इल्दाच करू शकते. पण कधी करायचा ते ती मला विचारते!

‘तू तिच्या रेघा ओळखतोस,’ म्हणाली.

मी ओळखतो? मी नोकरीभर बंदरातल्या प्रयोगशाळेत सोयाबीनमधला ओलावा मोजला. रेघा नोएमी ओळखायची.

शनिवार, ६ जुलै

बाजार बंद. पडदा तरी चालू ठेवला.

मंगळवार, ९ जुलै

स्वातंत्र्यदिन. इमारतीत सगळीकडे मक्याच्या खिचड्याचा वास. खालच्या बाईंनी वाडगाभर दिला. ‘एकट्यासाठी काय शिजवणार तुम्ही, डॉन बाल्दो!’ त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं.

आज आठवून आठवून पाहिलं. नोएमी रेघेबद्दल नक्की काय म्हणाली होती?

एकदा, बरी असताना, मी विचारलं होतं की भावाला काय ठाऊक तू कुठं रेघ मारलीस. तिनं चष्मा वर सरकवला. ‘भावाला नाही, बाल्दो, माणसांना. मागच्या वेळी भाव इथवर आला आणि पडला. तेव्हा ज्यांनी विकलं नाही ते अजून हळहळतायत. परत इथं आला की ते सगळे एकदम विकायला निघतात. मी त्यांच्या हळहळीवर रेघ मारते.’

हे मला फार आवडलं होतं. पण तिला तसं म्हटलं नाही. ‘बरं’ म्हणालो असेन.

आणि हॉस्पिटलमध्ये. मी विचारलं, इल्दाच्या पैशांचं काय करायचं? तिला बोलताना धाप लागत होती. ‘रेघ मारलेली आहे,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘पाणी.’

मी पाणी दिलं. एवढंच.

हिरवी रेघ म्हणजे तिचा शब्द. मला असंच समजायला हवं. दुसरं आहे काय माझ्याजवळ?

सोमवार, १५ जुलै

आज स्वतःचा गाढवपणा लिहून ठेवतो.

सकाळी माऊस हाताळताना भलतंच पान उघडलं. तीच बँक, नोएमीच्याच रेघा. आणि भाव सगळ्या रेघांच्या वर! नुसता वर नाही, कुठच्या कुठे वर! रेघा बिचाऱ्या तळाशी, एकमेकींना चिकटलेल्या.  कोट अडकवला, बसची वाटही न पाहता इल्दाच्या घरापर्यंत चालत गेलो. खिडकीवर टकटक.

‘लागला! हिरवीला लागला! ओलांडून गेला!’

तिच्या तोंडात टाचण्या. एकेक काढून उशीत खोचल्या. शेजारी एक आई मुलाला झगा घालून बघत होती, म्हणून इल्दानं मला आत ओढलं आणि हळूच विचारलं, ‘बाल्दो, कुठला भाव बघितलास?’

‘बँकेचा!’

‘ब्युनोस आयर्सचा की न्यूयॉर्कचा?’

ब्युनोस आयर्सचा, म्हणजे पेसोतला होता! पेसोत कुठल्याही गोष्टीचा भाव जुन्या रेघेच्या वरच असतो. पावाचासुद्धा असतो. या देशात जन्म काढला मी, पगार हातात आला की त्याच दिवशी तेल-साखर भरून ठेवली, आणि पडद्यावर पेसो ओळखले नाहीत!

इल्दा हसली. खूप हसली. मग हसता हसता डोळे पुसायला लागली. ती मात्र हसण्यातली आसवं नव्हती. ‘ताईला सांगायला हवं होतं रे हे,’ म्हणाली.

घरी येऊन ते पान पुन्हा उघडलं. त्या रेघा नोएमीनं आम्ही दोघं कोर्दोबाच्या डोंगरात जाऊन आलो त्या वर्षी मारलेल्या. नंतर पेसोवर रेघ मारणं तिनं सोडूनच दिलं. भाव वर जात राहिला तसतसं पडद्यानं सगळं खाली दाबलं. ते वर्ष आता तळाशी एका जाड काळ्या पट्टीसारखं दिसतं. आणखी वर्षभरानं तेही दिसणार नाही.

पान बंद केलं.

शनिवार, २० जुलै

मित्रदिन. वास्कोनं अंगणात मांस भाजायला बोलावलं. नाही म्हणत होतो, तो गाडी घेऊन दारातच आला. वास्को म्हणजे सुबेल्दिया, नोएमीबरोबर बाजाराच्या वर्गाला होता. डोक्यावर एक केस नाही, बोलणं मात्र अखंड.

‘विधुरांना जेवण फुकट,’ म्हणाला, ‘पण निखारे तू सांभाळायचे!’ बरं केलं. निखाऱ्यांकडे बघत बसलं की बोलावं लागत नाही.

जेवताना विषय रेघांवर आलाच.

‘तुझी बायको रेघ मारायची तेव्हा मी हसायचो. म्हणायचो, बाई, बाजाराला तुझी रेघ दिसत नाही! तर म्हणायची, तुला तरी दिसते ना, टकल्या? मग झालं! माझ्या रेघेला घाबरून तू विकशील, तेवढा भाव उतरेल.’ मोठ्यानं हसला. मग चाकू खाली ठेवला. ‘आमच्यात हुशार तीच होती. आम्ही बडबडे.’

मी इल्दाच्या जागेचं सांगितलं. हिरवी रेघ फार लांब नाही, हेही.

‘मतदान आहे अकरा ऑगस्टला,’ म्हणाला. ‘चाचण्यांमध्ये बरोबरी दिसतेय. काही होणार नाही. थांब! घाबरून विकणारा आयुष्यभर रडतो.’ त्याची बायको आतून ओरडली, ‘आणि थांबणारा? तू रडतोस तो कशाला मग?’ सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.

बुधवार, २४ जुलै

पुन्हा करडी रेघ. पुन्हा तिथूनच वर. पडद्यावर बोट ठेवून बसलो होतो. काच गरम असते.

सोमवार, २९ जुलै

एकोणतीस तारीख. इल्दानं न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे, केले आणि पातेल्यासकट बसनं घेऊन आली. एकोणतीसला न्योकी खाताना ताटाखाली नोट ठेवायची, म्हणजे पुढचा महिना बरा जातो. तिनं पर्समधून घडी केलेला डॉलर काढला, एकच. तो माझ्या ताटाखाली सरकवला.

‘तुझ्याखाली ठेव की,’ मी म्हटलं.

‘विकायचं तू ठरवणार ना? मग नशीब तुला लागणार.’

टोमणा होता का? इल्दा टोमणे मारत नाही. नोएमी मारायची.

जेवण झाल्यावर टेबलावरचा कपडा हातानं सारखा करत राहिली. मला वाटलं, आता विचारणार. विचारलंच.

‘विकून टाकू या का रे आता? जागेपुरते होतायत. थोडे कमी पडले तर मुलांना सांगेन, दोन महिने थांबा म्हणून.’

‘हिरवीला अजून लागलेला नाही.’

‘किती राहिलाय?’

‘बोटभर.’

‘बोटभर पडद्यावर, बाल्दो. माझं घर पडद्यावर नाही.’

  तिचं म्हणणं रास्त आहे. पण आज विकलं आणि उद्या भाव रेघेला लागला तर? म्हणजे नोएमीनं जे नेमून दिलं तेवढंही मी करू शकलो नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत मला कशातलं काही करता आलं नाही. उशी सरळ करायचो. ती म्हणायची, आधीच बरी होती.

‘नोएमीनं रेघ मारलेली आहे,’ म्हणालो.

इल्दा उठली. ‘ठीक आहे. रोज विचारेन मी. तू सांगत जा.’

पातेलं घेऊन गेली. डॉलर तसाच राहिला. रुमालात ठेवलाय.

सोमवार, ५ ऑगस्ट

रेघ हलली!

स्वेटरची बाही माऊसवर घासली. हिरवी रेघ बाणाला चिकटून वर गेली. घाबरून मी बटण सोडलं, तर ती तिथंच राहिली, वर, भलत्याच जागी.  मूळची जागा कुठं होती? आकडा मी कधी लिहून ठेवलाच नव्हता! नुसती नजरेनं ओळखत होतो, दारातून घर ओळखावं तशी.

वास्कोला फोन. तो जेवत होता.

‘मागे घ्यायचं बटण दाब. डावीकडे वळलेला बाण.’

‘दिसत नाही.’

‘चष्मा लाव, माणसा!’

लावला. दाबलं. रेघ खाली आली. पण तिथंच आली का? वास्को म्हणतो, तिथंच येते, मशीन विसरत नाही. मला मात्र किंचित वर वाटतेय. की आधी वर होती? नोएमीच्या हाताची म्हणावी अशी ती एकच गोष्ट या घरात रोज चालती होती. आणि आता मला खात्री नाही.

ओरडावंसं वाटलं. घरात कोणी नसताना ओरडायलाही सुचत नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट

भाव वर. इल्दानं विचारलं. मी नको म्हटलं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

सकाळीच फोन. मागे मशीन चालत नव्हती, म्हणजे ती नुसती बसून होती.

‘आज विकू?’

‘नको.’

‘खरंच नको?’

‘अगदी जवळ आलाय, इल्दा. दोन दिवसांत लागेल.’

‘बरं,’ म्हणाली. ‘मफलर घालून बाहेर जा, नदीवरून वारा सुटलाय.’ ठेवला.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

आज काय सांगू! सकाळी बाजार उघडला तोच उडी मारून. दिवसभर खुर्चीवरून उठलो नाही. दुपारी भाव हिरव्या रेघेच्या इतका जवळ गेला की मधे उजेडसुद्धा दिसेना. मी घंटीसाठी कान टवकारून बसलो. वाजली नाही. तेवढ्यात बाजार बंद झाला.

सोमवारी! सोमवारी नक्की.

इल्दाला मीच फोन केला. ‘नोएमी बरोबर होती,’ म्हटलं.  ती म्हणाली, ‘किती दिवसांनी असा बोलतोयस, बाल्दो.’ मलाही जाणवलं, मी मोठ्यानं बोलत होतो.

बाहेर जाऊन गोड पाव आणले. दोन खाल्ले.

रविवार, ११ ऑगस्ट

शाळेत मतदान. कडक थंडी, रांग पटांगणापर्यंत. इल्दा भेटली. परत येताना तिनं हात माझ्या कोपरात घातला. बोलायचं होतं तिला काहीतरी, पण मागेपुढे माणसं. ‘उद्या बोलू,’ म्हणाली.

नोएमीचं नाव अजून मतदारयादीत आहे. मतदानकेंद्राच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘सेन्योरा येणार आहेत का?’ मी म्हटलं, नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

निकाल कोणालाच वाटला नव्हता असा लागला. सकाळपासून रेडिओवर सगळे एकदम बोलतायत. मी साडेदहाची वाट बघत बसलो.

उघडला.

कसं लिहू? भाव पडला असं नाही. पडताना दिसायला तरी हवं होतं. शुक्रवारी वर, हिरवीपाशी. सोमवारी तळाशी. अर्ध्याच्याही खाली. मधे काही नाही! पांढरी जागा. लाल रेघ मधेच होती, नोएमीची, याच्याखाली गेला तर विकायचं म्हणून मारलेली. तिला भाव लागलाच नाही. तिच्यावरून उडी मारून गेला. तिथं विकणार कोण आणि कोणाला!

घंट्या एकामागून एक वाजल्या. करडीची, लालची. कशा बंद करायच्या ठाऊक नव्हतं. शेवटी वायर ओढली.

मी त्या रेघांना जमीन समजत होतो. छप्पर समजत होतो. त्या नुसत्या रेघा होत्या.

इल्दाचा फोन वाजला. पुन्हा वाजला. मला उचलता आला नाही. तिनं तीनदा विचारलं होतं, चारदा विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं. तिची खिडकी गेली. मशीन कुठं ठेवेल?

नोएमी गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. लोकांनी चांगलं म्हटलं, धीराचा आहे. आज वायर हातात धरून रडलो.

मंगळवार, १३ ऑगस्ट

फोन बंद करून कपाटात ठेवला. सकाळी दाराची बेल. ‘बाल्दो! अरे बाल्दो!’ इल्दाचाच आवाज, रस्त्यावरून. खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. खालच्या बाई बाहेर आल्या, दोघी काहीतरी बोलल्या, इल्दा वर बघत राहिली. तिनं नोएमीचा करडा कोट घातलाय. मीच दिला होता.

कोणत्या तोंडानं उघडू?

बुधवार, १४ ऑगस्ट

पुन्हा आली. वास्कोही येऊन गेला. त्याचाही सगळा बाजार झोपलाय, तरी माझ्यासाठी आला. ‘दार उघड, मिळून रडू!’ असं ओरडला. उघडलं नाही.

गुरुवार, १५ ऑगस्ट

दाराखालून चिठ्ठी सरकली. इल्दाचं अक्षर, शिवणकामाच्या खडूनं लिहिलेलं.

‘सगळं ठीक आहे. दार उघड. इल्दा.’

सगळं ठीक आहे! तिचं घर जातंय आणि ती मलाच समजावतेय. शिव्या दिल्या असत्या तर मी उघडलं असतं. ही माफी घेऊन मी काय करू? चिठ्ठी टेबलावर आहे, तिच्याकडे बघवत नाही.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

रात्रभर एकच विचार. हे घर तिच्या नावानं करून द्यायचं. तिसरा मजला, जिना चढून कोण येणार बाही लांब करायला, ते खरं. पण माझ्याजवळ दुसरं काही नाही. सोमवारी नोटरीकडे जाईन. मग मी कुठं राहायचं ते अजून सुचलेलं नाही. नाही सुचलं तरी चालेल.

शनिवार, १७ ऑगस्ट

इल्दानं किल्लीवालाच आणला. त्यानं कुलपाला हात घातला तेव्हा मी दार उघडलं. तिनं त्याला पाठवून दिलं, आत आली, कडी लावली, खिडकीही लावली, आणि मग बोलली.

शेअर तिनं विकले होते. मतदानाच्या आदल्या गुरुवारी, मी नको म्हटल्यावर लगेच. डॉलर घरी आणून ठेवले, जागेचा विसार काल देऊन आली.

‘मग ओरडून सांगायचं होतं, चिठ्ठीत लिहायचं होतं!’

‘घरात डॉलर आहेत असं रस्त्यात उभं राहून ओरडू? कागदावर लिहून ठेवू? अक्कल कुठं गेली तुझी, बाल्दो!’

‘विकायचंच होतं तर मला रोज विचारलंस कशाला?’

तिनं कोटाची बटणं काढली. ‘ताईनं सांगितलं होतं. “बाल्दोला रोज विचारत जा, त्याला कोणीतरी विचारायला हवं. पण तो रेघेची वाट बघत बसेल. तू रेघेच्या अलीकडेच विक. मी नेहमी अलीकडेच विकते, रेघेवर फार गर्दी असते.”’

नेहमी. मला हे ठाऊक नव्हतं.